पोरापेक्षा चासिऊ बरं! : चीनच्या गोड, लालबुंद भाजलेल्या मांसाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग आज एका शिवीवजा वाक्यानं सुरुवात करते.

हाँगकाँगमधली आई पोरावर फारच वैतागली की एक ठेवणीतलं वाक्य काढते. "तुला जन्म देण्यापेक्षा चासिऊचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं!" ओळखीचं वाटतंय? वाटणारच. आपल्याकडे हेच वाक्य धोंड्याचं आहे. "तुझ्याऐवजी धोंडा जन्माला आला असता तर पायरीला तरी लावला असता." दोन्हीकडे तक्रार एकच, पोर निरुपयोगी निघालं. फरक इतकाच की आपल्या आईला पायरी दिसते आणि तिकडच्या आईला जेवण.

तर हे चासिऊ म्हणजे काय? डुकराच्या खांद्याचं मांस. त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या. सोया सॉस, साखर, लसूण, पाच मसाल्यांची पूड, आंबवलेलं लाल टोफू आणि थोडी गुलाबाच्या वासाची दारू यात मुरवायच्या. मग आकड्याला लटकवून भट्टीत भाजायच्या आणि शेवटी वरून एक चिकट, काचेसारखा चमकणारा पाक चढवायचा. बाहेरून लाल, कडा थोड्या करपलेल्या, आत रसरशीत. नावाचा अर्थही साधा आहे. 'चा' म्हणजे काटा, 'सिऊ' म्हणजे भाजणं. काट्यावर भाजलेलं. ही भाषा कँटोनीज, म्हणजे चीनच्या दक्षिण टोकाला ग्वांगदोंग प्रांत आणि हाँगकाँग इथं बोलतात ती. परदेशातल्या हॉटेलांच्या मेन्यूवर 'चायनीज बार्बेक्यू' असं लिहिलेलं दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा ते अख्ख्या चीनचं नसून या एका कोपऱ्याचं असतं.

आणि मला यात शिरायला लावलं ते माझ्या स्वतःच्या फजितीनं. घरी डुकराचं मांस चालत नाही. आईनं स्पष्ट सांगितलंय, "बाहेर काय खायचं ते खा, माझ्या भांड्यात नको." म्हणून मी हुशारी केली. म्हटलं, मटणाचं करू. बोकडाच्या मांसाचे जाड तुकडे आणले, मुरवले, वरून अर्धी बाटली मध ओतला आणि ओटीजी पूर्ण तापवून आत सरकवले. पंधराव्या मिनिटाला घरात धूर. विसाव्या मिनिटाला शेजारच्या काकू दारात. ट्रे बाहेर काढला तर वर डांबर आणि आत कच्चं मटण. वर आईचा टोमणा, "चिन्यांनी असंच खाल्लं असतं तर इतके वाढले नसते."

मी दोन चुका केल्या होत्या. एक स्वयंपाकाची आणि एक इतिहासाची. स्वयंपाकाची चूक मधाची होती, तिच्याकडे येतेच. इतिहासाची चूक अशी की, मटण आणि डुक्कर यांना चीनमध्ये एकाच लेपाखाली घालता येतं असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ही दोन मांसं म्हणजे जवळजवळ दोन वेगळे देश आहेत.

आधी मटणाकडे जाऊ, कारण एके काळी चीनमध्ये मान त्याचा होता. (आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक वेळा बोकड. तिकडे उत्तरेत ते मेंढीचं किंवा कोकराचं.) चिनी लिपीत 'सुंदर' या अर्थाचं एक अक्षर आहे, 'मेइ'. साधारण इसवी सन १०० च्या सुमारास शू शन नावाच्या विद्वानानं चिनी अक्षरांचा एक कोश केला. त्यात त्यानं या अक्षराची फोड केली ती अशी: वर मेंढी, खाली 'मोठी'. मोठी मेंढी म्हणजे सुंदर! आणि या अक्षराचा अर्थ त्यानं काय दिलाय? 'गोड', 'चवदार'. आजच्या काही अभ्यासकांना ही फोड पटत नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शिकलेल्या माणसाला सौंदर्य, गोडी आणि मेंढी या तीन गोष्टी एका दमात आठवाव्यात, हे मला भारी वाटतं.

आता हजार वर्षं पुढे या. सोंग घराण्याचा काळ, राजधानी काइफंग. दरबाराच्या मुदपाकखान्यात मटणाचंच राज्य. सम्राट शनझोंगच्या काळातला एका वर्षाचा हिशेब नोंदलेला आहे. मटण ४,३४,४६३ जिन आणि डुकराचं मांस ४,१३१ जिन. जिन म्हणजे तेव्हाचं वजन, साधारण सहाशे ग्रॅमच्या वर. टनांत मोजलं तर मटण अडीचशे टनांच्या पुढे आणि डुक्कर त्याच्या शंभरावा हिस्सा. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच मेंढ्या घरच्या नव्हत्या. सोंगांच्या उत्तर सीमेपलीकडे खितान लोकांचं लिआओ राज्य होतं. ते शत्रू, पण सीमेवरच्या बाजारात त्यांच्याकडून वर्षाला हजारोंनी मेंढ्या विकत घेतल्या जायच्या. ज्याच्याशी लढायचं त्याचंच मटण खायचं!

आणि डुक्कर? ते गरिबाचं. अंगणातल्या खरकट्यावर वाढणारं. कवी सू दोंगपो, आपल्याकडे संस्कृतात कालिदास तसं तिकडे हे नाव, १०८० मध्ये दरबाराची खप्पामर्जी होऊन ह्वांगझोऊ नावाच्या आडगावात हद्दपार झाला. हातात पैसा नाही. तिथं त्याला डुकराच्या मांसाचा शोध लागला. इथलं मांस उत्तम आहे आणि भाव मातीमोल, पण श्रीमंत त्याला शिवत नाहीत आणि गरिबांना ते नीट रांधता येत नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. मंद आचेवर, कमी पाण्यात, घाई न करता शिजवा असा सल्लाही दिलाय. एक हद्दपार सरकारी अधिकारी डुकराच्या मांसाची वकिली करतोय, असं ते एकंदर प्रकरण आहे.

पुढे ११२७ मध्ये उत्तर चीन जुर्चेन लोकांच्या हातात गेला. दरबार दक्षिणेत हांगझोऊला पळाला. तिथं कुरणं कुठली? भातशेती, कालवे, दमट हवा. मेंढी महाग झाली आणि डुकरानं हळूहळू ताट व्यापलं. उत्तरेत मात्र मटण टिकलंच. मंगोल आले, त्यांच्या दरबारी वैद्य हू सहुईनं १३३० मध्ये आहारावर पुस्तक लिहिलं, त्यात जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांच्या उष्णतेवर अख्खी मेंढी भाजायची रीत आहे. नंतर पेइचिंगच्या हुई मुसलमानांनी ते मटण जिवंत ठेवलं. तिथं 'काओरौ जी' नावाचं भाजलेल्या मटणाचं दुकान १८४८ पासूनचं आहे. आणखी पश्चिमेला शिनज्यांगमध्ये उइघूर लोक शिगेवर मटण भाजतात, पण वर काय? जिरं, मीठ, मिरची. साखर नाही. कारण मटणाला स्वतःचा वास आहे, चरबी आहे, मान आहे. त्याला नटवायची गरज कुणाला वाटली नाही.

नटवावं लागलं ते डुकराला.

इथं मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग येतो. सहाव्या शतकात उत्तर चीनमधल्या ज्या सशिए नावाच्या अधिकाऱ्यानं शेती आणि स्वयंपाकावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, 'छीमिन याओशू'. शेतकऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना लागेल ते त्यात आहे. त्यात दूधपितं डुकराचं पिल्लू भाजायची कृती दिलीय. आच मंद, मांस आचेपासून लांब, आणि फिरवणं एक क्षणही थांबवायचं नाही. फिरवता फिरवता वर निवळ दारू पुन्हा पुन्हा फासायची. कशासाठी? चवीसाठी नाही, रंग यावा म्हणून. मग पांढरीशुभ्र ताजी चरबी, नाहीतर तिळाचं तेल. शेवटी रंगाची तुलना तो अंबर या खड्याशी आणि सोन्याशी करतो.

आता लक्षात घ्या, या कृतीत साखर नाही. मध नाही. पाक नाही. आणि त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी धान्यापासून पाक करायची कृती तपशिलात दिलेली आहे! म्हणजे सोनेरी मांस आणि चिकट पाक एकाच पुस्तकात होते, पण त्यांची अजून गाठ पडलेली नव्हती. यावरून माझं मत असं झालंय की गोड लेपाची गोष्ट मुळात गोडीची नाहीच. ती रंगाची आहे. लोकांना मांस सोनेरी हवं होतं, चमकणारं हवं होतं. दारूनं ते थोडं व्हायचं, तेलानं थोडं. पाकानं ते अफलातून झालं.

तो पाक म्हणजे माल्टोज. शब्द अवघड वाटतोय, पण गोष्ट तुमच्या घरातली आहे. बाळाला नाचणीचं सत्त्व देतात ना? नाचणी भिजवतात, मोड आणतात, मग वाळवून दळतात. मोड आलेलं धान्य चघळून बघा, गोडसर लागतं. कारण मोड येताना धान्यात असं काहीतरी तयार होतं जे पिठूळ भागाची साखर करून टाकतं. चिनी लोकांनी तेच केलं. सातूला किंवा गव्हाला मोड आणले, ते कुटून शिजवलेल्या चिकट भातात मिसळले, काही तास उबेला ठेवलं, पाणी गाळलं आणि आटवलं. तयार होतो एक घट्ट, सोनेरी, चमच्याला सोडायला तयार नसलेला पाक. ऊस नको, मधमाशी नको.

हा पाक किती चिकट, तर त्यानं देवाचंसुद्धा तोंड बंद करता येतं. खरंच! चिनी घरात चुलीचा देव असतो. नव्या वर्षाच्या आठवडाभर आधी तो स्वर्गात जाऊन घरच्यांनी वर्षभर काय काय केलं त्याचा अहवाल देतो. म्हणून तो निघायच्या दिवशी त्याच्या चित्राच्या ओठांना हा पाक फासतात. एक तर तो गोड बोलेल, नाहीतर ओठ चिकटून बोलणारच नाही. आपण तीळगूळ देऊन नुसती विनंती करतो. त्यांनी पक्का बंदोबस्त केलाय.

आता माझ्या डांबराचं कारण. मधात फ्रुक्टोज नावाची साखर भरपूर असते आणि ती ११० अंशांच्या आसपासच करपायला लागते. आपली नेहमीची साखर १६० च्या आसपास. माल्टोज तग धरतो थेट १८० पर्यंत. शिवाय तो साखरेच्या निम्म्याहूनही कमी गोड. म्हणजे भरपूर लावा, मांस गुलाबजाम होत नाही, पण थर जाड बसतो आणि काचेसारखा चमकतो. त्यात मांसातली प्रथिनं आणि ही साखर मिळून जो तपकिरी खमंगपणा तयार होतो त्याचा अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ माइयार यानं १९१२ मध्ये मांडला. भट्टीवाल्यांना ते आधीपासून हातानं ठाऊक होतं. पेइचिंगच्या प्रसिद्ध भाजक्या बदकावरही हाच पाक पाण्यात कालवून ओततात आणि मग बदक वाळवतात. ते बदक गोड लागतं का? नाही. ते फक्त चकाकतं.

उसाच्या साखरेचं म्हणाल तर तिच्यात आपला हात आहे. ६४७ मध्ये थांग घराण्याच्या सम्राट ताइझोंगनं साखर करायची विद्या शिकायला मगधात, म्हणजे आजच्या बिहारकडे, माणसं पाठवली. ह्युएन त्सांग भारतातून चीनला परतला त्यानंतर दोनच वर्षांनी. हो, तोच, शाळेत पुलकेशीच्या धड्यात आपल्याला भेटलेला. पुढे ग्वांगदोंग आणि फूज्यान हे चीनचे मोठे साखरपट्टे झाले. आणि मग चाक उलटं फिरलं. अठराव्या शतकाच्या शेवटी एक चिनी माणूस, तोंग अच्यू, कलकत्त्याजवळ येऊन ऊस लावतो आणि साखर कारखाना काढतो. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला जमीन दिली. त्या गावाचं नाव आजही अच्छीपूर आहे. आणि उत्तर भारतात पांढऱ्या साखरेला नाव काय? चिनी! आपण मराठीत 'साखर' म्हणून 'शर्करा' हा जुना शब्द सांभाळला, हे बरं केलं.

असो. गाडी परत ग्वांगदोंगला.

साखर आहे, डुक्कर आहे, पाक आहे. पण घरात भट्टी नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. चिनी घरात भाजायची भट्टी सहसा नसतेच. सरपण महाग, म्हणून बारीक चिरून झटकन परतायचं, नाहीतर वाफवायचं. भाजणं हे दुकानाचं काम. आपल्याकडेही तसंच नाही का? घरी चूल, तवा, पण पाव मात्र बेकरीतून. त्यामुळे भाजलेलं मांस म्हणजे एक तर सण, नाहीतर बाहेरून आणलेली चैन.

सणाचं आधी सांगते. कँटोनीज लोकांत अख्खं भाजलेलं डुक्कर म्हणजे 'सोन्याचं डुक्कर'. पुन्हा रंगच! वसंतात पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायचा सण येतो, तेव्हा कुळातले सगळे टेकडीवर जातात, हे डुक्कर पूर्वजांपुढे ठेवतात आणि मग कापून वाटतात. कँटोनीजमध्ये त्यावरून म्हण आहे, 'पणजोबा डुक्कर वाटतायत', म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा. ऐकायला छान. पण जुन्या रिवाजात 'सगळे' म्हणजे कुळातले पुरुष. मुलगा जन्मला की वाट्यांत एक नाव वाढायचं. मुलगी जन्मली की नाही.

लग्नाचं तर त्याहून बिकट. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवी नवरी माहेरी भेटीला जायची. नवरी कुमारी होती याची सासरच्यांना खात्री पटली असेल तर ते तिच्यासोबत सोन्याचं डुक्कर पाठवायचे. गल्लीतून ते मिरवत यायचं, माहेरचे लोक कापून शेजारीपाजारी वाटायचे, सगळे निर्धास्त. डुक्कर आलं नाही, तर गल्लीला कळलं. त्या दिवशी घराच्या दारात बसून वाट बघणाऱ्या आईचा विचार करा. एका जनावराच्या कातडीचा रंग आणि मुलीची अब्रू. आज ते डुक्कर बऱ्याच लग्नांत नुसता शकुन म्हणून येतं, सिनेमाच्या शूटिंगच्या मुहूर्तालाही कापतात. पण तो चकचकीत सोनेरी रंग कशाकशाचं ओझं वाहत आलाय, ते माहीत असलेलं बरं.

आणि चासिऊ? त्याच्या जन्माची एक कथा सांगतात. अख्खं डुक्कर भाजताना आतली पोकळी रिकामी राहते, म्हणून तिथं मऊ मांसाच्या पट्ट्या खोचून ठेवायचे. 'खोचून भाजलेलं' यासाठीचा कँटोनीज शब्द आणि 'काट्यावर भाजलेलं' हा शब्द, दोघांचा उच्चार मिळताजुळता. खोचलेल्या पट्ट्या डुकरापेक्षा चविष्ट निघाल्या, मागणी वाढली, तेव्हा त्यांना स्वतंत्रपणे काट्यावर भाजायला लागले. कथा खरी की मागाहून रचलेली, काहीही असो, मला तिचा रोख आवडतो. सोन्याच्या डुकराला कूळ लागतं, पूर्वज लागतात, नवरीची परीक्षा लागते. चासिऊला खिशात थोडे पैसे लागतात, बस.

म्हणूनच ते शहराचं खाणं झालं. चीनमधल्या यादवी युद्धाच्या काळात आणि १९४९ नंतर ग्वांगदोंगमधून माणसांचे लोंढे हाँगकाँगला आले. छोट्या खोल्या, दाटीवाटी, कारखान्यात बारा तास काम. घरी भट्टीचा प्रश्नच नाही. कोपऱ्यावर मात्र 'सिऊ-मेई'चं, म्हणजे भाजलेल्या मांसाचं दुकान. काचेमागे आकड्यांना लटकलेले हंस, कोंबड्या, कुरकुरीत कातडीचं डुक्कर आणि चासिऊच्या लालभडक पट्ट्या. खाली जाड लाकडी ओंडका आणि त्यावर सपासप चालणारा सुरा. पाहुणा आला, पगार झाला, पोराला मार्क बरे पडले, की बाप कामावरून येताना तिथं थांबणार आणि एक पुडकं घेऊन येणार. घरी भात आणि भाजी तयारच असते. पुडकं सोडलं की जेवण सणाचं. आता कळलं ना, ती आई धोंडा न म्हणता चासिऊ का म्हणते?

तिथं गेलात तर ऑर्डर कशी द्यायची तेही सांगते. 'पुन-फेइ-साउ' म्हणा, म्हणजे अर्धं चरबीचं, अर्धं लुसलुशीत. अगदी कोरडं मांस मागितलंत तर दुकानदार देईल, पण मनातून उतराल. आणि करपलेल्या कडांचा तुकडा मागा. जाणकार त्यासाठीच थांबतात. स्टीफन चाऊचा १९९६ चा 'द गॉड ऑफ कुकरी' हा विनोदी सिनेमा बघितला नसेल तर बघा. जगातला सगळ्यात भारी पदार्थ ठरवायची वेळ येते, आणि पडद्यावर येतो काय, तर चासिऊ, भात आणि वर एक अंडं.

भट्ट्याही बदलल्या. विटांच्या जागी स्टीलचा उभा पिंप आला. त्याला कँटोनीजमध्ये नाव पडलं 'अंतराळ-भट्टी'. खरोखर रॉकेटचा तुकडा कापून आणल्यासारखीच दिसते ती. कोळसा जाऊन गॅस आला. जुने खवय्ये म्हणतात, कोळशाची सर नाही. ते सगळीकडचेच जुने खवय्ये म्हणतात. पण लाल रंगाबाबत त्यांची तक्रार खरी आहे. पूर्वी तो लाल यीस्टच्या तांदळातून किंवा आंबवलेल्या टोफूतून यायचा, जरा मातकट, वीटकरी. आता बऱ्याच ठिकाणी डबीतला रंग. आपल्या चायनीज गाडीवरचा लाल आठवला असेल तर तोच.

माणसं निघाली तशी पट्टीही निघाली. १८५२ पासून चिनी मजूर हवाईच्या ऊसमळ्यांवर जायला लागले. तिथं चासिऊ भरलेल्या वाफवलेल्या पावाला स्थानिक नाव पडलं 'मानापुआ', आणि खांद्यावर कावड घेऊन तो विकणारा माणूस तिथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. म्हणजे दिवसभर ऊस तोडणाऱ्याच्या जेवणातही साखरेचा लेप! टोकियोत १९१० मध्ये रायरायकेन नावाचं दुकान निघालं, स्वयंपाकी योकोहामाच्या चिनी वस्तीतले. तिथून रामेन गाजलं आणि त्यावरचा मांसाचा काप 'चाशू' म्हणून जपानी झाला. नाव तेच, पण तो भाजत नाहीत, सोया सॉसमध्ये शिजवतात. काटा गेला, आग गेली, नाव राहिलं. आपल्या मुंबईतही माझगावला १९१९ सालचं चिनी मंदिर आहे, सी यिप मंडळींचं. सी यिप म्हणजे ग्वांगदोंगचे चार तालुके. गोदीवर आणि जहाजांवर काम करणारी ती माणसं याच भट्ट्यांच्या मुलखातली.

मग मटणावर हा लेप आला तरी कुठून? चीनमध्ये गोड मटण अगदीच नाही असं नाही. पेइचिंगच्या मुसलमानी खानावळीत एक पदार्थ आहे, त्याचं नावच 'मधासारखं' या अर्थाचं. मटणाचे पातळ काप गोड सॉसमध्ये परतलेले. राणी त्सशीनं चाखून हे नाव ठेवलं अशी दंतकथा सांगतात. पण ते कढईतलं, भट्टीतलं नव्हे. भट्टीचा लाल लेप आणि मेंढी यांची गाठ पडली ती, मला वाटतं, बाटलीमुळे. चासिऊ सॉस बरणीत भरून सुपरमार्केटच्या फळीवर आला आणि डुकरापासून सुटला. मग ज्याच्या घरी डुक्कर चालत नाही त्यानं कोंबडीला लावला, आणि ज्याच्या देशात कोकरू स्वस्त त्यानं कोकराला. इतिहासात जे दोन चीन हजार वर्षं वेगळ्या ताटांत जेवले, ते एका बरणीनं एकत्र बसवले. शुद्धतावाद्यांना राग येईल. मला नाही येत. माझ्याही घरी डुक्कर चालत नाहीच की.

तर दुसरा प्रयत्न. बोकडाचा खांदा, कोवळा बघून घेतला. सोया सॉस, लसूण, थोडी साखर, बडीशेप-दालचिनी-चक्रीफूल-लवंग-मिरी यांची पूड. रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी फॉइलनं झाकून १६० अंशांवर दोन तास, कारण बोकड डुकरासारखं पटकन मऊ होत नाही. लेप अजून नाहीच! माल्टोज मिळाला नाही, म्हणून केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून लिक्विड ग्लुकोजचा डबा आणला. चिकट, पारदर्शक, गोडी कमी. माल्टोजच्या त्यातल्या त्यात जवळचा भाऊ. तो गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून सैल केला, त्यात चमचाभर सोया सॉस. मग फॉइल काढून, आच २०० वर नेऊन, शेवटच्या दहा मिनिटांत तीन वेळा लावला. दर वेळी काढायचं, लावायचं, परत आत. त्या दहा मिनिटांत ओटीजीसमोरून हलायचं नाही. फोन बाजूला.

धूर झाला नाही. काकू आल्या नाहीत. कडा काळपट-लाल आणि वर ती काच. चव? डुकराच्या चासिऊसारखी नाही, ते खोटं बोलणार नाही. मटणाचा वास पाकाच्या खालून डोकं काढतोच, आणि मला शेवटी वरून चिमूटभर जिरेपूड भुरभुरवावीशी वाटली. उत्तर चीननं तेवढं करून घेतलं. आईनं आधी रंग बघितला, मग एक तुकडा उचलला, मग काही न बोलता भाताचं भांडं पुढे ओढलं. शेवटचा करपलेला कडेचा तुकडा मात्र तिनं मला विचारलंसुद्धा नाही.

चला, पुढच्या भागात भेटू.